कमांडो पलटणी वाढल्या कशा?

भारतीय लष्कराच्या कमांडो पलटणी दहशतवाद्यांशी लढण्यासाठी जन्माला आल्या नाहीत. १९६५च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी स्वयंसेवक निवडून शत्रूच्या पिछाडीला छापे घातले. 'मेघदूत फोर्स' नावाच्या या तुकडीतून १ जुलै १९६६ रोजी ९ पॅरा कमांडो, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची नववी पलटण, उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिचे दोन भाग झाले, नववी आणि दहावी पलटण: नववीकडे डोंगर, दहावीकडे वाळवंट. १९७१च्या युद्धात नववीने मंढोलच्या पाकिस्तानी तोफा उडवल्या, दहावीने सिंधमधल्या छाछरोवर छापा घातला. १९७८मध्ये १ पॅराही कमांडो झाली.

वापर चुकला की काय होते, हे ऑक्टोबर १९८७मध्ये श्रीलंकेत जाफना विद्यापीठात दिसले. एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचे नेतृत्व पकडायला १० पॅरा आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान हेलिकॉप्टरने उतरवले, पण बेत एलटीटीईला आधीच कळला होता. मैदानावर गोळीबार सुरू झाला आणि पुढची कुमक उतरू शकली नाही. शीख पलटणीचे ३० जण एकटे पडले. २९ मारले गेले, एक कैद झाला.

नव्वदच्या दशकात काश्मीर पेटले आणि कमांडोंची मागणी वाढली. वाढ मुख्यतः रूपांतराने झाली. १९९६मध्ये २१ मराठा लाइट इन्फन्ट्रीची २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. २००० नंतर २, ३ आणि ४ पॅरा याच वाटेने गेल्या. कागदावर हे सोपे. खरी अडचण प्रोबेशनची, म्हणजे निवडीच्या कसोटीची. कित्येक महिने झोप, अन्न आणि विश्रांती तोडून माणूस पारखतात, बहुतेक जण गळतात. त्यानंतर स्फोटके, संदेशवहन, प्राथमिक उपचार यांपैकी एकात विशेष तयारी. घाई केली तर पाटी बदलते, पलटण तीच राहते.

शहरातल्या ओलिसनाट्यासाठी १९८४मध्ये एनएसजी (नॅशनल सिक्युरिटी गार्ड) हे दल निघाले. तिचा हल्ला करणारा गट लष्करातून प्रतिनियुक्तीवर येतो, म्हणजे तिची वाढही त्याच हौदातले पाणी उपसते. २६/११ला कमी पडली ती माणसे नव्हेत, अंतर! तळ हरियाणात मानेसरला, वाहतुकीचे आयएल-७६ विमान चंडीगडला, आणि मुंबईत उतरल्यावर पुढचा प्रवास बेस्टच्या बसने. गोळीबार रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला. एनएसजीची कारवाई उजाडल्यावर. २००९मध्ये मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबादला तिची केंद्रे झाली. महाराष्ट्राने पोलिसांचे 'फोर्स वन' उभारले.

तिन्ही दलांचे कमांडो एका छत्राखाली आणा, असे संरक्षण व्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या नरेश चंद्र समितीने २०१२मध्ये सुचवले होते. तिला हवी होती 'कमांड'. २०१९मध्ये उभी राहिली ती 'डिव्हिजन', मेजर जनरल ए. के. धिंग्रा यांच्या हाताखाली. कमांड मोठी, डिव्हिजन लहान; दोन्ही शब्दांत अधिकार, पैसा आणि विमाने मागण्याच्या ताकदीचा बराच फरक आहे.