बाजार समितीच्या आवारात गाडी ठोकली अन् समोरचा मानेना: भरपाईसाठी अर्ज कुठे करायचा?

कापसाचा हंगाम, हिंगणघाटसारख्या बाजार समितीचं आवार. पिकअपवाला गाडी मागे घेतो आणि उभ्या कारचं दार चेपतं. "हा डेंट पयलेपासूनच हाये भाऊ," तो म्हणतो, आणि वाद पेटतो.

गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. नंबरप्लेट तर हवीच, पण वाद मिटवणारे फोटो दोनच: खरवडलेल्या जागी लागलेला दुसऱ्या गाडीचा रंग, आणि डेंट व बंपर एकाच उंचीवर असल्याचं दाखवणारा. आवारात कॅमेरा असेल तर चित्रण जपून ठेवा, असा लेखी अर्ज त्याच दिवशी समितीच्या सचिवांना द्या. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कोणी जखमी नसेल तर पोलीस ठाण्यात बहुधा नुसती नोंद होते. तीही करा आणि प्रत मागा.

तुमचा 'फुल इन्शुरन्स' असेल तर चूक कोणाची हे ठरेपर्यंत थांबायची गरज नाही. आपल्याच कंपनीला लगेच कळवा. पॉलिसी, आरसी, लायसन्स, दाव्याचा फॉर्म, गॅरेजचं एस्टिमेट एवढं लागतं. १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १००० रुपये मात्र तुमचे, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो २० ते ५० टक्के असतो. तीन-चार हजारांच्या कामासाठी मी तरी दावा लावणार नाही. कंपनीने दावा नाकारला, तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे जा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. विदर्भासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. पण ही वाट स्वतःच्या कंपनीविरुद्धच चालते, समोरच्याच्या नाही.

तुमचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीचा खर्च त्यातून निघत नाही. मग समोरच्याकडूनच वसूल करावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करता येतो. मालमत्तेचं नुकसान २००० रुपयांवर असेल तर दिवाणी न्यायालयाचाही पर्याय आहे. पण एका दारासाठी वकील लावला तर डेंटपेक्षा फी जड होते.

म्हणून छोट्या नुकसानीला बरी वाट लोकअदालतीची. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे 'दाखलपूर्व' (खटला दाखल होण्याआधीचं) प्रकरण म्हणून साधा अर्ज द्या. इथे उत्पन्नाची अट नाही, कोर्ट फी नाही. सोबत आधार, आरसी, फोटो, एस्टिमेट किंवा बिल आणि पोलीस नोंदीची प्रत जोडा. समितीकडून समोरच्याला नोटीस जाते. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बांधील असतो आणि त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही किंवा राजी झाला नाही, तर मात्र लोकअदालत जबरदस्ती करू शकत नाही.

तंटामुक्त समितीसमोर किंवा चहाच्या टपरीवर मिटवायचं असेल तर रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार, एवढं कागदावर हवंच. विम्याचा दावाही लावणार असाल, तर कंपनीला न विचारता चूक कबूल करू नका आणि पैसे ठरवू नका. पॉलिसीत तशी अट असते.

अर्जात नुसत्या ड्रायव्हरचं नाव घालू नका. गाडीमालक आणि त्याची विमा कंपनी दोघंही हवेत. विमा चालू आहे का, हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून दिसतं. तो संपलेला असेल, तर सगळी भरपाई मालकाच्याच खिशातून.