समुद्र हिरवा दिसला म्हणजे शेवाळच का?

"उपग्रहाच्या फोटोत किनारा जितका हिरवा, तितकं पाण्यात हरितद्रव्य जास्त" हा मेसेज आपल्या बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर बरीच वर्षं फिरतोय.

खोल समुद्रात हे बऱ्याच अंशी खरं आहे. शेवाळातलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं, म्हणून परत येणाऱ्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून अंदाज बांधतात. किनाऱ्याजवळ मात्र गाळ आणि कुजलेल्या पाल्याचा पिवळसर अर्कही हेच गुणोत्तर बदलतात. खानापूरच्या जंगलात उगम पावणारी आपली म्हादई पावसाळ्यात किती गढूळ होते! तीच पुढे पणजीजवळ समुद्राला मिळते. अशा पाण्यासाठी तांबडा आणि अवरक्त (तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाशही तपासावा लागतो.

खात्री करायची तर त्याच दिवशीचं, त्याच जागेचं पाणी गाळायचं, गाळणकागदावरचं हरितद्रव्य अ‍ॅसिटोनमध्ये उतरवून मोजायचं आणि उपग्रहाच्या आकड्याशी ताडून पाहायचं.