उभ्या गाडीचं ऑइल का बदलायचं?

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची पेट्रोल गाडी सात वर्षांत जेमतेम अठरा हजार किलोमीटर चालली आहे. सकाळी दीड किलोमीटरवर नातीला शाळेत सोडायचं, येताना भाजी घ्यायची, की गाडी परत पार्किंगमध्ये. ऑइल बदलायचा विषय निघाला की त्यांचा प्रश्न ठरलेला : "पुस्तकात दहा हजार किलोमीटर लिहिलंय. माझी वर्षाला अडीच हजार होते. चांगलं ऑइल कशाला फेकू?"

हिशेब चोख आहे. पण त्याच ओळीत पुढे 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असंही छापलेलं असतं, आणि काकांसारख्या गाडीसाठी ओळीचा तोच भाग महत्त्वाचा.

ऑइल म्हणजे दाराच्या बिजागरीला सोडतो तसं वंगण, अशी आपली समजूत असते. इंजिनात प्रकार वेगळा आहे. बोशँप टॉवर या इंग्रज इंजिनिअरने १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या बेअरिंगवर, म्हणजे फिरणारा दांडा ज्यात बसतो त्या आधारावर, प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने एक भोक पाडलं, तर त्यातून तेल वर यायला लागलं. त्याने लाकडी बूच ठोकलं, तेलाने तेही बाहेर ढकललं. शेवटी प्रेशर गेज लावला, तर काटा शेवटच्या आकड्याच्याही पुढे गेला. फिरणारा दांडा तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि त्या दाबावर सगळा भार तोलला जातो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. तुमच्या गाडीचा क्रँकशाफ्टही, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, असाच तेलावर तरंगत असतो. थर किती जाड? काही मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ.

तरंगायला मात्र फिरावं लागतं. इंजिन बंद केलं की क्रँकशाफ्ट खाली टेकतो. पुन्हा स्टार्टर मारल्यावर पहिले काही क्षण धातू धातूवर घासतो. त्या क्षणांसाठी ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घातलेलं असतं. ते धातूवर स्वतःचा पातळ लेप चढवतं, आणि घासला जातो तो लेप. काकांची गाडी किलोमीटर कमी कापते, पण थंड इंजिन सुरू करण्याची वेळ तिच्यावर रोज येते.

आणि खरी गंमत पुढे आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं! बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. पण पिस्टनच्या रिंगा काही शंभर टक्के बंद नसतात. थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतो आणि सोबत वाफ, न जळलेलं पेट्रोल, काजळी आणि आम्लं घेऊन येतो. इंजिन गरम असेल तर पाणी आणि बरंचसं पेट्रोल पुन्हा उडून जातं. थंड असेल तर तिथेच मुरतं. त्यात थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे ऑइलमध्ये उतरतंही जास्त, आणि ऑइल पातळ होतं.

इथे बरेच जण फसतात. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं वाटतं, पण तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. ऑइल तापायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. दीड किलोमीटरमध्ये ते कोमट होतं, इतकंच. उलट पुण्याहून कोल्हापूरला एका दमात गेलेल्या गाडीचं ऑइल तासन्‌तास नव्वद-शंभर अंशांवर राहतं आणि पाणी झटकून टाकतं. म्हणून हायवेचे दहा हजार किलोमीटर शाळेच्या फेऱ्यांच्या अडीच हजारांपेक्षा ऑइलला सोपे जाऊ शकतात.

आम्लं मारायला ऑइलमध्ये कॅल्शियमची क्षारधर्मी संयुगं असतात, तर काजळीचे कण सुटे ठेवायला वेगळी रसायनं. ही शिदोरी मोजकी असते. ती संपली की आम्ल बेअरिंग खायला लागतं आणि सुटे कण एकत्र येऊन गाळ बनतो. तो ऑइल पंपाच्या जाळीवर बसला, की वर ऑइल पोचणं कमी होतं. मग इंजिन जॅम.

रंगावरून मात्र यातलं काही कळत नाही. डिझेल गाडीत नवं ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळंकुट्ट होतं. म्हणजे काजळी धरून ठेवायचं काम ते नीट करतंय! डिपस्टिक बघायची ती पातळीसाठी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसावर काही तरंगत नाही.

मागच्या पावसाळ्यात काकांना म्हटलं, ऑइल भरायचं झाकण उघडून बघू या. आतून दुधावरच्या सायीसारखा पिवळट पांढरा थर निघाला. पाणी आणि ऑइल घुसळून झालेला. कूलंट कमी होत असतं तर हेड गॅस्केटची, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळू न देणाऱ्या सीलची शंका घ्यावी लागली असती, पण ते काठोकाठ होतं. काका गप्प झाले. दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये गाडी थोडी फिरवून गरम केली, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट निघतं. ड्रेन नट खोलला, फिल्टर बदलला, नटाचा वॉशरही नवा टाकला.

"जुनं ऑइल कॅनमध्ये भरून द्या," काका म्हणाले, "गावाला गोठ्याच्या वाशांना लावतो, वाळवी लागत नाही." ही रीत जुनी आहे, पण वापरलेल्या ऑइलमध्ये कॅन्सर घडवू शकणारी संयुगं असतात, ते हाताला लागू देऊ नये आणि जमिनीत तर मुळीच मुरू देऊ नये. गॅरेजवाल्याने ते ड्रममध्ये ओतलं. तिथून ते पुनर्शुद्धीकरणाला जातं. कारण संपलेली असते ती शिदोरी. पाणी, पेट्रोल आणि काजळी काढली की खालचं मूळ तेल बरंचसं शाबूत निघतं.