पियानो ४३२ वर लावून मागणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे पियानोचं ट्यूनिंग, दुरुस्ती आणि भाड्यानं देणं अशी तीन कामं चालतात. अलीकडे एक मागणी वरचेवर येते: “हीलिंग म्युझिकसाठी हवाय, ४४० नको, ४३२ ला लावून द्या.” ४३२ चा सूर आजार बरा करतो, असा यामागचा समज. प्रत्येकाला दुकानात उभं राहून सगळं सांगणं होत नाही. समोरचा माणूस बहुधा घरातल्या कुणाच्या तरी आजारपणानं कातावलेला असतो, त्याच्याशी वाद घालणंही बरं दिसत नाही. म्हणून हा कागद.

आधी आकड्यांचं बघू. मधल्या सप्तकातला ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर ठेवायचा, असं १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं आणि १९५५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. त्याआधी फ्रान्सनं १८५९ मध्ये ४३५ ठरवलं होतं. इटलीतला संगीतकार व्हेर्दी ४३२ च्या बाजूचा होता, पण त्याला हवा होता तो सगळीकडे एकच, थोडा खालचा सूर. रोगनिवारणाचा त्यात काही संबंध नव्हता. ४४० आणि ४३२ मधलं अंतर अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांश. शेजारी शेजारी वाजवले तर कळतं, एरवी बहुतेकांना कळत नाही. आपल्याकडचे गवई तर आपापल्या गळ्याप्रमाणे षड्ज धरतात, त्यामुळे कुठला तरी एकच आकडा पवित्र मानणं बडोद्यातल्या माणसाला मुळातच अवघड जावं.

पियानोला मात्र ते चांगलंच जाणवतं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा ते वीस टन. कंपनसंख्या पावणेदोन-दोन टक्क्यांनी खाली आणली की ताण साडेतीन टक्क्यांहून जास्त उतरतो, म्हणजे पाचशे ते सातशे किलो एकदम कमी. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा नाद मोठा करणारी लाकडी फळी, हलतो, पहिल्या तारा लावून शेवटच्या तारांपर्यंत पोचावं तो पहिल्या सरकलेल्या. निदान दोन फेऱ्या लागतात आणि तरी काही आठवड्यांत पुन्हा बोलावणं येतं. परत ४४० वर चढवताना जुन्या, गंजलेल्या तारा तुटतात त्या वेगळ्याच. पैसे आम्हाला मिळतात, पण ते घ्यायला मन होत नाही. तुमच्याकडे डिजिटल पियानो असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंगचा आकडा बदलता येतो. तो घरच्या घरी बदला, ऐका, बरं वाटलं तर तसाच ठेवा. त्यासाठी आम्हाला बोलावू नका.

मग पियानोनं बरं वाटतं ते कशानं? याचं आम्हाला पटलेलं उत्तर पॉल नॉर्डॉफ या अमेरिकन पियानोवादकाच्या आयुष्यात आहे.

जन्म १९०९, फिलाडेल्फिया. पुढे न्यूयॉर्कच्या जुलियर्ड या संगीतविद्यालयात ओल्गा समारॉफ यांच्याकडे पियानो शिकला. गंभीर, मैफिलीचं संगीत लिहिणारा रचनाकार म्हणून नाव झालं, गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, बार्ड कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. असं बसलेलं बस्तान पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यानं मोडलं. १९५८ मध्ये युरोपात फिरताना मतिमंद म्हणून वेगळ्या ठेवलेल्या मुलांसाठी संगीत कसं वापरतात ते त्यानं पाहिलं, आणि १९५९ मध्ये इंग्लंडच्या वुस्टरशरमधल्या सनफील्ड या मुलांच्या निवासी संस्थेत तो जाऊन राहिला. तिथे क्लाइव्ह रॉबिन्स हा विशेष मुलांचा शिक्षक भेटला. पुढची सुमारे सतरा वर्षं दोघांनी जोडीनं काम केलं: नॉर्डॉफ पियानोवर, रॉबिन्स मुलाजवळ.

नॉर्डॉफ मुलाला ‘शांत करणारी’ ठरावीक धून ऐकवत बसत नसे. मूल खोलीत येताना कसं चालतं, कुठे थबकतं, ढोल कुठल्या लयीत बडवतं, ते बघत तो त्याच क्षणी रचना करी. मुलानं लय तोडली की हाही तोडी, मूल धावलं की हाही धावे, आणि मग हळूच एखादी जागा रिकामी सोडी, मुलानं भरावी म्हणून. रडून आकांत करणाऱ्या एका लहानग्याच्या किंकाळ्यांचा स्वर धरून त्यानं पियानो वाजवायला घेतला, आणि त्या किंकाळ्या पियानोच्या सुराशी जुळू लागल्या. आपल्याकडे गायकाच्या मागे हार्मोनियमवाला साथ करतो ना, तीच जात. फक्त इथे मुख्य कलावंत ते मूल. प्रत्येक बैठक टेपवर घेऊन दोघं नंतर ती तुकड्या-तुकड्यानं पुन्हा ऐकत. बैठकीच्या सुरुवातीला त्या मुलाच्या नावाचं स्वागताचं गाणं, शेवटी निरोपाचं. अशी कितीतरी गाणी त्यानं लिहिली. मैफिलीतल्या रचनांपेक्षा आज तीच जास्त वाजतात.

१९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्वमग्न मुलांबरोबर त्यांचा मोठा प्रकल्प झाला, १९७४ मध्ये लंडनला पहिला प्रशिक्षणवर्ग. त्या वर्गात नॉर्डॉफनं विद्यार्थ्यांना बाख-बीथोव्हेन घेऊन दोन स्वरांमधलं अंतर मनावर काय करतं ते शिकवलं. स्वरांचं एकमेकांशी नातं तो तासन्‌तास उलगडत बसे. १९७७ मध्ये जर्मनीत त्याचं निधन झालं. त्या दोघांच्या नावानं आजही इंग्लंड-अमेरिकेत संस्था चालतात.

बडोदेकरांना हे फार परकं वाटू नये. गवई मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं इथे संगीतशाळा काढली, ती आज विद्यापीठाची फॅकल्टी म्हणून सूरसागरच्या काठी उभी आहे. त्यांचा नातू इनायत खाँ, १८८२ चा, इथलाच. वीणा वाजवणारा हा माणूस १९१० मध्ये परदेशी गेला आणि नाद व आरोग्य या विषयावर तिथे व्याख्यानं देत राहिला. त्यातलं सगळंच आज कुणी डॉक्टर मान्य करणार नाही.

आम्ही लाकूड, फेल्ट आणि तारांचं काम करणारी माणसं. उपचार हा आमचा प्रांत नव्हे. शस्त्रक्रियेआधीची धास्ती संगीतानं काहीशी कमी होते असं अभ्यासांच्या आढाव्यांत दिसलं आहे. पण संगीतानं औषध बंद करता येतं, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. मुलासाठी विचार करत असाल तर आधी प्रशिक्षित म्युझिक थेरपिस्ट आणि तुमचे डॉक्टर यांच्याशी बोला, वाद्याचं नंतर.

वाद्य घ्यायचंच ठरलं तर दिसण्यावर पैसे घालू नका. लॅकर उडालेला पण तारा ताणून धरणाऱ्या पिना घट्ट असलेला अपराइट, म्हणजे उभा पियानो, चांगला. मुलं मुठीनं वाजवतात, तो ते सोसतो. पियानो पावसाची भिंत आणि एसीचा झोत यांपासून दूर ठेवा. आपल्याकडे आषाढ-श्रावणात साउंडबोर्ड फुगून मधल्या पट्टीचा सूर चढतो, उन्हाळ्यात उतरतो, त्यामुळे ट्यूनिंग दिवाळीनंतर करून घेतलेलं जास्त टिकतं. आजारी माणसाच्या खोलीसाठी हेडफोन लावता येणारा डिजिटल पियानो महिन्याच्या भाड्यानं मिळेल. नेहमी वापरणार की नाही हे कळेपर्यंत विकत घेऊ नका, हे आमचं स्पष्ट मत आहे.

जुना पियानो दाखवायचा असेल तर वरचं झाकण उघडून आतल्या लोखंडी फ्रेमचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, सीरियल नंबर दिसेल असा. जिना किती अरुंद आहे तेही कळवा. पियानो वर चढवायला चार माणसं लागतात.