डिजिटल केलं म्हणजे कायमचं टिकलं?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत कितीतरी घरांत लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटची डीव्हीडी करून घेतली आणि मूळ कॅसेट भंगारात गेली. ‘डिजिटल झालं, आता खराब व्हायचं नाही!’ माध्यमांचा अभ्यास सुरू करणारी मुलंही हेच ऐकून वर्गात येतात. हे अर्धंच खरं आहे.

टेपवर आवाजाचा चढउतार चुंबकीय चढउतार म्हणून उमटतो, त्यामुळे दर कॉपीला खरखर वाढते. डिजिटलमध्ये तोच चढउतार मोजून आकडे लिहितात. ऑडिओ सीडीसाठी सेकंदाला 44,100 वेळा. आकडे बिनचूक उतरवले की शंभरावी कॉपीही पहिलीसारखीच.

पण ते आकडे लिहिलेत कशावर? घरी बर्न केलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि दमट हवा त्याला सोसत नाही, आणि ठाण्याचा पावसाळा आपल्याला माहीत आहेच. जुनी टेप मुंग्या आल्या तरी नवरा-नवरी दाखवते. डिस्क मात्र बारीकसारीक चुका स्वतःच सावरत ठणठणीत चालते आणि एके दिवशी थेट ‘नो डिस्क’.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं तर तो दाबूनच, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी तपशील गाळून, जातो; ती मूळ कॉपी नव्हे. म्हणून फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, अधूनमधून उघडून बघा. आणि कॅसेट असेल तर टाकू नका.