वाटीत पाणी किती, नागली किती?

मागच्या महिन्यात पंचवटीत नात्यातल्या एका बाळाच्या उष्टावणाला गेलो होतो. बाळ साडेसात महिन्यांचं. आधी पितृपक्ष आडवा आला, मग मामाला रजा मिळेना, म्हणून मुहूर्त लांबला. तोवर बाळाला आईचं दूध आणि जोडीला भाताची पेज, वरणाचं पाणी. 'पचायला हलकं' म्हणून. आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, नागलीचं सत्त्व द्यावं म्हणते. पण ते खळीसारखं घट्ट होतं हो, थुंकून टाकेल. पाणी वाढवू का?"

नागली म्हणजे नाचणी. आजींचा प्रश्न घरगुती वाटेल, पण बालपोषणाच्या संशोधकांनी त्याच्यावर बरीच वर्षं घालवली आहेत.

आधी हिशेब करू. बाळाच्या जठरात वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात २४० मिली. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० किलोकॅलरी हव्यात. आता साध्या नागलीच्या पिठाची पेज करा. दीडशे ग्रॅमच्या वाटीत १२ ग्रॅम पीठ घातलं तर ती चमच्यावरून नीट ओघळते आणि वाटीत जेमतेम ४० किलोकॅलरी येतात. अशा तीन वाट्या भरवल्या तरी १२० च. पीठ दुप्पट केलं तर खळ होते आणि बाळ तोंड फिरवतं. मग घरात 'दृष्ट लागली' म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात. बाळाला कुणाचीही दृष्ट लागलेली नसते. त्याला घट्ट गोळा गिळता येत नाही, आणि पातळ पेजेनं पोट भरतं पण भूक भागत नाही. वरणाच्या पाण्याचंही तेच: डाळ तळाशी राहते आणि बाळाच्या वाट्याला पिवळं पाणी येतं.

यावरचा उपाय नागलीच्या दाण्यातच आहे. तो मला इतका सुंदर वाटतो की थोडं सविस्तर सांगतो.

नागली भिजवून फडक्यात बांधली की दाण्यातला अंकुर जागा होतो. त्याला पानं फुटलेली नाहीत, म्हणजे अन्न करता येत नाही. शेजारी स्टार्चचं कोठार भरलेलं आहे, पण कुलूपबंद. तेव्हा अंकुर एक रासायनिक निरोप धाडतो: जिबरेलिन. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे नाव नवं नाही. मणी लांबावेत म्हणून तो घडांना 'जीए' देतो, ते जिबरेलिक ॲसिड याच कुळातलं. दाण्याच्या सालीखालच्या पेशींच्या थराला हा निरोप पोचला की तिथे अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होऊ लागतं.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांच्या माळा. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, माळा बाहेर येतात, एकमेकींत गुंततात आणि भोवतीचं पाणी अडकवून ठेवतात. हीच आजींची खळ. अल्फा अमायलेज ही माळ टोकाकडून एकेक मणी सोडवत बसत नाही, मधेच कुठेही कात्री मारतं. लांब दोऱ्यांचा गुंता आणि त्याच दोऱ्यांच्या बोटभर तुकड्यांचा ढीग, यात जो फरक, तोच इथे. माळेची लांबी निम्मी झाली की घट्टपणा निम्म्यावर थांबत नाही, त्याहून कितीतरी खाली कोसळतो. म्हणून थोडंसं विकरही पुरतं. आणि मणी तेवढेच राहतात! कॅलरी कुठेही गेलेल्या नसतात, फक्त गुंता सुटलेला असतो.

मोड आलेल्या नागलीचं पीठ, म्हणजेच सत्त्व, नीट शिजवलं तर त्यामुळे वाटीत ३० ग्रॅमपर्यंत घातलं तरी पेज ओघळती राहते. म्हणजे ४० च्या जागी सुमारे १०० किलोकॅलरी, वर चमचाभर तूप घातलं तर आणखी ४५. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हीच कल्पना तपासली. मोड आणलेल्या धान्याचं चिमूटभर पीठ गरम, घट्ट पेजेत ढवळलं की ती पाहता पाहता सैल होते.

आजींना मी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पहिली, सत्त्व उकळत्या पाण्यात टाकू नका. विकर हे प्रथिन आहे, ८० अंशांच्या आसपास त्याचा कारभार आटोपतो. थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत न्या. ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात स्टार्च फुगलेला असतो आणि विकरही जिवंत असतं, सगळी कापाकापी तिथेच होते. मग चांगली उकळी येऊ द्या, जंतूंसाठी ती हवीच. मोड आलेली नागली वाळवून भाजतानाही हलक्या हातानं भाजा. दुसरी, दळलेली ओली नागली गाळून खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा, अशीही सत्त्वाची एक रीत आहे. ती टाळा. नागलीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यातलं बरंचसं सालीपाशी. ते चोथ्याबरोबर जातं आणि हाती निव्वळ स्टार्च उरतो. नावाला मात्र सत्त्व.

नागली एकटी पुरत नाही, हेही खरं. लोहासाठी डाळ हवी, चालत असेल तर अंडं हवं. साखर दोन वर्षांपर्यंत नको, मध वर्षाच्या आत मुळीच नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ६ ते २३ महिन्यांच्या फक्त ११ टक्के बाळांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात नागली पिकते आणि आपण 'उंची वाढवणाऱ्या' भुकटीचे महागडे डबे आणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

निघताना आजोबा म्हणाले, "मीही रोज सकाळी हेच सत्त्व पितो. शुगरला चांगलं ना?" त्यांना मधुमेह आहे. आता तेच तर्क उलट लावा. बाळासाठी जी कात्री वरदान, तिनंच आजोबांच्या माळा आधीच तोडून ठेवल्या आहेत. पीठ बारीक, पेज पातळ. ग्लुकोज रक्तात भराभर उतरणार. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही न गाळलेल्या पिठाची भाकरी खा. सोबत मेथीची भाजी, वाटीभर घट्ट वरण."

आजींनी लगेच डब्यावर बाळाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.