व्हेनिसचं पुढचं दार आणि मागचं दार

सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की रुंद पायऱ्या लागतात आणि त्यांच्या तळाशी थेट ग्रँड कॅनाल. ना रिक्षा, ना टॅक्सी, ना रस्ता. पहिल्यांदा येणारा माणूस इथे हमखास थबकतो. पण ज्या जागेवरून तो व्हेनिस पाहत असतो ती त्या शहराची मागची बाजू आहे. हजार वर्षं पाहुणे दुसऱ्या टोकानं येत होते. आज प्रवासाची आखणी करताना पत्ता सापडत नाही, बॅगा पुलांवरून चढवाव्या लागतात, दिवसभरासाठी येण्याचेही पैसे मोजावे लागतात. यातल्या बऱ्याच अडचणींचं मूळ या उलट्यापालट्या झालेल्या दारांमध्ये आहे.

पुढचं दार म्हणजे मोलो, डोजेच्या (व्हेनिसच्या निवडून आलेल्या राज्यप्रमुखाच्या) राजवाड्यासमोरचा धक्का. तिथे ग्रॅनाइटचे दोन खांब आहेत. एकावर संत मार्कचा पंखवाला सिंह, दुसऱ्यावर संत थिओडोर. थिओडोर हा शहराचा जुना रक्षक. 828 मध्ये दोन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियातून संत मार्कचे अवशेष पळवून आणले आणि थिओडोर दुय्यम झाला. दूत, व्यापारी, कैदी, सगळे याच खांबांपुढे नावेतून उतरत. देहान्ताची शिक्षाही इथेच दिली जाई, म्हणून जुने व्हेनिसकर अजून या दोन खांबांच्या मधून चालत नाहीत. फोटोसाठी मात्र सगळे पर्यटक तिथेच उभे राहतात.

धक्क्यावर, पाण्याकडे तोंड करून, दगडी बांधणीची एक जाडजूड इमारत आहे. ती झेक्का, म्हणजे टांकसाळ. सोळाव्या शतकात वास्तुकार सान्सोविनोनं बांधलेली, आज मार्चाना ग्रंथालयाचा भाग. लोक तिच्यासमोर आइस्क्रीम खातात आणि पुढे जातात. मराठी माणसानं इथे दोन मिनिटं थांबावं. व्हेनिसनं 1284 पासून 1797 पर्यंत साडेतीन ग्रॅमचं जवळजवळ शुद्ध सोन्याचं एकच नाणं पाडलं: डकॅट, पुढे झेक्कावरून झेक्किनो. एका बाजूला संत मार्ककडून ध्वज घेणारा, गुडघे टेकलेला डोजे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात ख्रिस्त. पाचशे वर्षं वजन आणि कस ढळला नाही, म्हणून मिरी विकत घ्यायला हे नाणं अरब व्यापाऱ्यांच्या हातून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचलं. नाण्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून मराठी मुलखात त्याला पुतळी म्हणत. पुतळीमाळेतल्या सोन्याच्या चकत्या त्याचीच आठवण. म्हणजे आजीच्या पेटीतल्या दागिन्याचं मूळ या इमारतीत आहे. धक्क्यापासून दोन मिनिटांवरच्या कोर्रेर संग्रहालयाकडे व्हेनिसच्या नाण्यांचा मोठा संग्रह आहे आणि राजवाड्याच्या तिकिटात कोर्रेरचा प्रवेश धरलेला असतो.

वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोचला आणि व्हेनिस संपलं, असं शाळेत शिकवतात. तसं झालं नाही. 1501 मध्ये पोर्तुगीज जहाजांनी लिस्बनला मिरी उतरवल्याची बातमी आली तेव्हा रिआल्तो या व्यापारी पेठेच्या बाजारात घबराट पसरली हे खरं. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवाही घेतलं. पण तांबड्या समुद्राची वाट त्यांना पूर्ण बंद करता आली नाही आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अलेक्झांड्रियामार्गे येणारी मिरी पुन्हा सावरली. खरी पाठ मोडली ती सतराव्या शतकात, डच आणि इंग्रज कंपन्यांनी. त्यानंतर शहरानं मौजमजेवर पोट भरायला सुरुवात केली. कार्निव्हल, जुगार, नाटकगृहं. पर्यटनाचं शहर व्हेनिस तेव्हापासूनच आहे. फक्त तेव्हा पाहुणा महिने महिने राहायचा.

12 मे 1797 ला नेपोलियनच्या धाकानं व्हेनिसच्या महासभेनं स्वतःलाच बरखास्त केलं. त्याच वर्षी शहर ऑस्ट्रियाला देऊन टाकलं गेलं आणि दार बदललं ते ऑस्ट्रियन अमलात. 1846 मध्ये लगूनवरून, म्हणजे शहराभोवतीच्या उथळ खाऱ्या पाण्यावरून, साडेतीन किलोमीटरहून लांब रेल्वेपूल झाला. स्टेशनासाठी सांता लुचियाचं चर्च 1861 मध्ये पाडलं; स्टेशनाला नाव तेच राहिलं. 1933 मध्ये रेल्वेपुलाला चिकटून मोटारींचा पूल आला आणि गाड्या अडवणारा पियात्साले रोमा हा चौक. रेल्वे येईपर्यंत शहराच्या या टोकाला मठ, बागा आणि गरीब वस्ती होती. रेल्वे आल्यावर सगळं जग तिथून आत येऊ लागलं आणि आतले रस्ते त्यासाठी बनलेले नव्हते. म्हणून 1871 पर्यंत घरं पाडून स्त्रादा नोवा काढली. स्टेशनाकडून रिआल्तोकडे जाताना एकाएकी रस्ता रुंद आणि सरळ होतो, तो हा. व्हेनिसमध्ये रस्ता सरळ दिसला की तो नवा आहे असं खुशाल समजावं.

या वाटेवर एक वळण आवर्जून घ्यावं. स्टेशनापासून दहा मिनिटांवर, कान्नारेजो भागात, गेत्तो आहे. 1516 मध्ये व्हेनिसनं ज्यूंना एका बेटावर राहायला लावलं, रात्री दरवाजे बंद. त्या जागी पूर्वी धातू ओतण्याचे कारखाने होते; त्या शब्दावरूनच जगभरच्या 'घेट्टो'ला नाव मिळालं असं बहुतेक मानतात. जागा वाढवता येईना म्हणून घरं उंच चढत गेली, मजल्यांची उंची कमी होत गेली. खिडक्यांच्या रांगा मोजल्या तर शेजारच्या घरात चार मजले आणि इथे तेवढ्याच उंचीत पाच-सहा, हे डोळ्यांना दिसतं.

आता मेस्त्रे. मुख्य जमिनीवरचं हे वेगळं गाव 1926 मध्ये व्हेनिसच्या नगरपालिकेत आलं. त्याचे दोन परिणाम प्रवाशाला आजही भोवतात. पहिला: 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' हेही स्टेशन आहे आणि 'व्हेनेत्सिया सांता लुचिया' हेही. नावात व्हेनिस दिसलं म्हणून लोक मेस्त्रेला उतरतात किंवा तिथलं हॉटेल 'व्हेनिसमध्ये' समजून घेतात. तिथून आत यायला गाडीनं दहा-बारा मिनिटं लागतात, ते फार बिघडत नाही. पण रात्रीचं व्हेनिस मात्र हुकतं. दुसरा परिणाम प्रवेशशुल्काचा.

शहराच्या जुन्या भागात 1951 मध्ये पावणेदोन लाख माणसं राहत होती. 2022 मध्ये हा आकडा पन्नास हजारांखाली गेला. येणाऱ्यांत मोठा वाटा सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांचा, आणि शहराला त्यांच्याकडून कचऱ्याशिवाय फारसं काही मिळत नाही. म्हणून 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी दिवसभराच्या पाहुण्यांना शुल्क लागू झालं. 2024 मध्ये असे 29 दिवस होते, 2025 मध्ये 54, बहुतेक एप्रिल ते जुलैमधले शुक्रवार ते रविवार आणि सणाचे दिवस. वेळ सकाळी 8.30 ते दुपारी 4. 2025 मध्ये चार दिवस आधीपर्यंत भरलं तर 5 युरो, नंतर 10. चौदा वर्षांखालच्या मुलांना नाही. दरवर्षी दिवस बदलतात, त्यामुळे तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहावं.

चूक होते ती इथे. नगरपालिकेच्या हद्दीत रात्र काढणाऱ्याला शुल्क नाही आणि मेस्त्रे हद्दीत येतं. पण माफी आपोआप मिळत नाही. संकेतस्थळावर नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. हॉटेलची पावती दाखवली की झालं, असं धरून लोक येतात आणि स्टेशनाबाहेर तपासनीसासमोर घाम पुसत मोबाइल चाळतात. पादुआ किंवा त्रेव्हिझोला मुक्काम करणाऱ्या पर्यटकाला मात्र पैसे भरावेच लागतात, कारण ती वेगळी गावं. मुरानो, बुरानो, लीदो या बेटांवर शुल्क नाही. न भरल्यास दंड 50 ते 300 युरो. आपल्याकडच्या सहलींनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा: 2024 पासून मार्गदर्शकासह फिरणाऱ्या गटात पंचवीसपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत आणि कर्णाही चालत नाही. चाळीस जणांच्या बसला दोन मार्गदर्शक लागणारच. सहलवाल्याला हे आधीच विचारून घ्यावं.

पत्त्याची भानगडही ऑस्ट्रियन अमलातली. शहराचे सहा भाग: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, सान पोलो, दोर्सोदुरो, सांता क्रोचे. घरांना क्रमांक रस्त्याप्रमाणे दिलेले नाहीत, अख्ख्या भागाला सलग दिले आहेत. कास्तेल्लोत ते सहा हजार आठशेच्या पुढे जातात. 'कास्तेल्लो 5200' एवढ्या पत्त्यावर पोस्टमनच पोचू शकतो. हॉटेलकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: गल्लीचं नाव, जवळचा व्हापोरेत्तो (पाण्यावरची बस) थांबा, आणि थांब्यापासून वाटेत पूल किती. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग तेवीस किलोची चाकाची बॅग घेऊन रडकुंडीला येतं. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळपास सगळे पायऱ्यांचे. मोबाइलचा नकाशा अरुंद गल्लीत भरकटतो. भिंतीवर पांढऱ्या चौकटीत रंगवलेली नावं वाचावीत. काल्ले म्हणजे गल्ली, काम्पो म्हणजे चौक, फोंदामेंता म्हणजे पाण्याकडेचा रस्ता, रिओ तेरा म्हणजे बुजवलेला कालवा. 'पियात्सा' शहरात एकच, सान मार्को.

पत्ते असे, कारण रस्ता हा दुय्यमच होता. ग्रँड कॅनालवरच्या वाड्यांचं मुख्य दार पाण्यावर, कोरीव काम सगळं तिकडे. गल्लीकडचं दार नोकरांचं. 1854 पर्यंत या अख्ख्या कालव्यावर रिआल्तो हा एकच पूल होता, आजचा दगडी पूल 1588 ते 1591 मधला. बाकी ये-जा नावेतून. ती पद्धत त्राघेत्तो नावानं अजून थोडी शिल्लक आहे: गोंडोल्यासारखी नाव, पर्यटकाला 2 युरो, दीड-दोन मिनिटांत पैलतीर. गोंडोल्याचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो आणि संध्याकाळी सातनंतर 110, माणशी नव्हे तर नावेचा, पाच जणांपर्यंत. सहा जणांच्या कुटुंबाला म्हणून दोन नावा लागतात.

शहर त्याच्या बाजूनं पाहायचं तर व्हापोरेत्तोची 1 क्रमांकाची फेरी घ्यावी. स्टेशनापासून सान मार्कोपर्यंत पाऊण तास, दोन्ही काठांना थांबत. 2025 चे दर: 75 मिनिटांचं तिकीट 9.50 युरो, 24 तासांचा पास 25, तीन दिवसांचा 45. तीन फेऱ्या होणार असतील तर पासच घ्यावा. पास प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी यंत्राला टेकवायचा. टेकवला नाही तर पास असूनही दंड. स्टेशनासमोर एकापेक्षा जास्त तरंगते धक्के आहेत, दिशा पाहून उभं राहावं.

काम्पोत उभं राहिल्यावर मधोमध दगडी विहीर दिसते, झाकण लावलेली. ही विहीर नव्हे, टाकी. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या शहरात गोड्या पाण्याचा झरा कुठून येणार? चौक खोल खणायचा, तळ आणि कडा चिकणमातीनं लिंपायच्या म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही, वाळू भरायची आणि मध्ये विटांची नळी उभी करायची. फरशीला उतार देऊन चार बाजूंना भोकाचे दगड बसवायचे. पाऊस भोकांतून वाळूत, वाळूतून गाळून नळीत. नीट पाहिलं तर ती भोकं आणि उतार अजून दिसतात. समुद्राची भरती चौकात चढली की टाकी नासायची, म्हणून काही विहिरी चौथऱ्यावर आहेत. 1884 मध्ये मुख्य जमिनीवरून नळ आले. आज चौकाचौकांत वाहणाऱ्या तोट्यांचं पाणी पिण्याचं आहे; बाटली भरून घ्यावी.

भरतीचं म्हटलं तर आकड्यांनी फार गोंधळ होतो. ऑक्टोबर ते मार्चमध्ये अंदाज येतो: 110 सेंटिमीटर. लोक छातीपर्यंत पाणी समजून सहल रद्द करतात. हा आकडा रस्त्यावरच्या पाण्याचा नव्हेच. तो 1897 च्या सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात, आणि समुद्र तेव्हापासून तीसेक सेंटिमीटर वर आला आहे. सर्वांत सखल असलेल्या सान मार्कोत 80 च्या आसपास पाणी साचू लागतं. 110 ला तिथे घोटा ते पोटरी, आणि शहराचा साधारण आठवा भागच ओला. 4 नोव्हेंबर 1966 ला 194 झालं होतं, 12 नोव्हेंबर 2019 ला 187. त्या रात्री मोसे हे भरती अडवणारं समुद्रद्वार अपूर्ण होतं. 2003 मध्ये सुरू झालेलं काम, मध्ये 2014 चा लाचखोरीचा घोटाळा, आणि पहिला वापर 3 ऑक्टोबर 2020 ला. लगूनच्या तीन तोंडांवर 78 पोलादी झडपा तळाशी झोपलेल्या असतात. हवा भरली की उठतात. पण त्या उचलतात साधारण 110 च्या अंदाजाला, कारण दर वेळी बंदर अडतं. त्यामुळे 80 ते 110 मधलं पाणी सान मार्कोत आजही येतं. तिथल्या संत मार्कच्या बासिलिकेला, म्हणजे मोठ्या चर्चला, 2022 मध्ये काचेची भिंत केली ती याच साठी. भरती तीन-चार तासांत ओसरते, तोवर दोर्सोदुरो किंवा कान्नारेजोच्या उंच भागात फिरावं. लाकडी फळ्यांच्या वाटेवर उजवीकडून चालावं आणि फोटोसाठी थांबू नये. मागची रांग खोळंबते.

बासिलिकेचं तिकीट वेळ ठरवून आधी काढावं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी 2 नंतर. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही. दर्शनी गच्चीवरचे चार घोडे नकली आहेत. कॉन्स्टँटिनोपल लुटून 1204 नंतर आणलेले, नेपोलियननं पॅरिसला नेलेले आणि 1815 मध्ये परत आलेले असली घोडे वरच्या संग्रहालयात आहेत, तिकीट वेगळं. बाहेरचा घंटामनोरा 14 जुलै 1902 ला कोसळला होता. आजचा 1912 मधला, हुबेहूब तसाच बांधलेला.

एकच रात्र हाताशी असेल तर मुक्काम मेस्त्रेत न करता आतच करावा, थांब्याजवळ आणि पुलाशिवाय. सकाळच्या सहलीच्या नावा सान मार्कोला लागायच्या आत, साडेसातच्या सुमारास, मोलोवर यावं. तेव्हा तिथे झाडूवाले, मालाच्या होड्या आणि धक्क्याला बांधलेल्या गोंडोल्यांचा आवाज, एवढंच असतं.